विमलताईंची दुसरी फेरी

विमलताई प्रत्येक प्रश्न दोनदा विचारायच्या. पहिल्यांदा चष्मा लावून, कागद छातीसमोर धरून, शाळेत प्रतिज्ञा म्हणणाऱ्या मुलीच्या आवाजात: "तुमच्या आजाराविषयी डॉक्टरांनी दिलेली माहिती समजून घेणे तुम्हाला कितपत सोपे अथवा अवघड वाटते?" मग चष्मा कपाळावर चढायचा, कागद मांडीवर पालथा पडायचा, आणि समोरच्या बाईला अहिराणीत विचारणा व्हायची, "डॉक्टर काय सांगस ते तुले समजस का व माय? का नुसती मान हालावस?"

"पहिलं तुमच्यासाठी, गुरुजी," त्या मला म्हणाल्या होत्या. "दुसरं तिच्यासाठी."

'तुमच्यासाठी' म्हणजे खरोखर माझ्यासाठी. 'कितपत सोपे अथवा अवघड' हे मराठी माझं होतं. सुरतेतल्या मराठी माध्यमाच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला कोणी काम विचारत नाही. त्यामुळे इथल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाने एका इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी करून द्याल का असं विचारलं, तेव्हा मी आढेवेढे घ्यायलाही विसरलो. प्रश्नावली आरोग्य साक्षरतेची होती. माणसाला डॉक्टरचं बोलणं, औषधावरचा मजकूर, दवाखान्यातल्या पाट्या कितपत कळतात, ते मोजायचं. पण मोजण्याआधी ती मोजपट्टीच नीट आहे का, हे तपासायचं. आमचा प्रकल्प त्या मोजपट्टीच्या तपासणीचा. विमलताई त्यात घरोघरी जाऊन प्रश्न विचारण्याचं काम करत. आणि त्याच प्रकल्पाच्या अखेरीस त्यांच्यावर, घरी बसून खोटे फॉर्म भरले, असा ठपका आला. मला त्यांच्याबद्दल जे काही ठाऊक आहे ते त्या ठपक्याच्या आगेमागे गोळा झालेलं आहे.

प्रकल्पाचा आरंभ दीपप्रज्वलनाने झाला. आमचे प्रमुख डॉक्टर (सगळे त्यांना 'मोठे सर' म्हणत) गुजराती होते, हुशार होते, आणि व्यासपीठ दिसलं की त्यांना राहवत नसे. प्रश्नावलीची एक प्रत रेशमी फितीत बांधून तिचं विमोचन करण्यात आलं. लायकी ठरायच्या आधी असा सत्कार मी लग्नातल्या नवऱ्यामुलाखेरीज कुणाचा पाहिलेला नाही. त्यापूर्वी माझ्या मराठीचं कुणी एकाने पुन्हा इंग्रजी केलं होतं, ते मूळ इंग्रजीशी जुळलं होतं, आणि म्हणून माझं मराठी उत्तम ठरलं होतं. मराठी माणसाला ते कळतं का, हा मुद्दा त्या टप्प्यावर यादीत नव्हता.

मग तज्ज्ञांची बैठक. लांब टेबल, प्रत्येकासमोर खमणची प्लेट, आणि प्रत्येक प्रश्न कामाचा आहे की नाही यावर गुण द्यायचे. एका प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण पडले. 'औषधाच्या वेष्टनावरील सूचना वाचणे तुम्हाला कितपत सोपे अथवा अवघड वाटते?' मोठे सर प्रसन्न झाले. भिंतीला लागून मुलाखत घेणाऱ्या बायका बसल्या होत्या. त्यांनी फक्त ऐकायचं होतं. त्यांतून एक किरकोळ अंगाची, पन्नाशीतली बाई उठली. चष्म्याला दोरी, खांद्याला साडीच्या उरलेल्या तुकड्यांची शिवलेली पिशवी.

"साहेब, वेष्टन येतच नाही," ती म्हणाली.

"एटले?" मोठे सर म्हणाले. "म्हणजे काय, विमलबेन?"

तिने पिशवीतून एक कापलेली स्ट्रिप काढली. चार गोळ्या. मेडिकलवाल्याने कात्रीने कापून दिलेल्या. औषधाच्या नावाची तीन अक्षरं या तुकड्यावर होती, बाकीचं नाव आणि तारीख दुकानात राहिलेल्या तुकड्यावर. "आमच्याकडे पूर्ण पाकीट कोणी घेत नाही. दोन दिवसांच्या घेतो. हे वाचून दाखवा."

स्ट्रिप टेबलावरून फिरली. नऊ तज्ज्ञांपैकी कुणालाही ती वाचता आली नाही. एकाने मोबाइलचा दिवा लावून पाहिली. मोठ्या सरांनी मुद्दा 'अत्यंत मौलिक' असल्याचं जाहीर केलं आणि प्रश्न होता तसाच ठेवला, कारण तो बदलला तर परदेशातल्या प्रश्नावलीशी तुलना करता येणार नव्हती.

विमलताई मूळच्या अमळनेरकडच्या. लग्नानंतर सुरतेला आल्या, त्याला खूप वर्षं झाली. नवरा पॉवरलूमवर, मागांच्या खडखडाटात त्याचे कान गेलेले, त्यामुळे त्या घरी ओरडून आणि बाहेर हळू बोलत. राहायला कोसाडच्या वसाहतीत. शिक्षण नववी. फॉर्मवरचं अक्षर मात्र असं की मी माझ्या विद्यार्थ्यांना दाखवलं असतं. प्रकल्पातल्या बाकी दोघी मुली समाजकार्याच्या पदवीधर होत्या आणि त्यांचे फॉर्म वाचायला मला भिंग लागायचं.

भाषा नीट पोचते का ते पाहायला मी एकदा त्यांच्याबरोबर कोसाडला गेलो. एका मजल्यावर चार दारं, चारही उघडी, आणि प्रत्येक दारात साड्यांचा ढीग. इथल्या बायका मार्केटमधून साड्या आणून घरी त्यांचे सुटे धागे कापतात, खडे चिकटवतात. विमलताई आत गेल्या, पाणी प्यायल्या, पिशवीतून स्वतःची कात्री काढली आणि ढिगातली एक साडी मांडीवर ओढली. प्रश्न विचारत, कानांनी उत्तर ऐकत, हातांनी धागे कापत. मी थक्क होऊन पाहत राहिलो तर मला म्हणाल्या, "गुरुजी, अर्धा तास आपण तिचा घेतो. तिचा हात थांबला तर तिचं डोकं घड्याळात राहतं. उत्तर कोण देईल?"

आमच्या पर्यायांच्या चार पायऱ्या होत्या: खूप सोपे, सोपे, अवघड, खूप अवघड. यांतला फरक कसा समजवावा, यासाठी प्रशिक्षणात चार रंगांची पट्टी दिली होती. विमलताईंनी ती कधी बाहेर काढली नाही. त्या म्हणायच्या, "खूप सोपं म्हणजे बोलता बोलता धागा कापणं. खूप अवघड म्हणजे काळ्या साडीवरचा काळा धागा, आणि लाइट गेलेली." त्यावर ती बाई हसायची आणि पटकन बोट दाखवायची. मी हे मोठ्या सरांना सांगितलं नाही. मोजपट्टीत काळी साडी नव्हती.

प्रशिक्षणात आम्ही एक नियम वारंवार घोकून घेतला होता. मुलाखतीत काही शिकवायचं नाही. बाईला माहीत नसेल तर नसू दे. तिचं अज्ञान जसंच्या तसं फॉर्मवर उतरलं पाहिजे. कारण पंधरा दिवसांनी त्याच बाईला तेच प्रश्न पुन्हा विचारायचे होते. दोन्ही वेळची उत्तरं जुळली तर प्रश्नावली विश्वासार्ह. (ही कसोटी मी घरी बायकोला समजावून सांगितली. ती म्हणाली, मग या घरात विश्वासार्ह काहीच नाही.) नियमाचं मराठीही मीच केलं होतं: 'मुलाखतकाराने उत्तरदात्यास कोणत्याही प्रकारची माहिती पुरवू नये.' विमलताईंनी त्याखाली सही केली होती. नववीतल्या त्या सुबक अक्षरात.

दुसरी फेरी संपली. आकडे संगणकात गेले. दोघी मुलींचे फॉर्म छान जुळले. विमलताईंच्या तीस बायकांचे फॉर्म कुठेच जुळेनात.

मोठ्या सरांनी त्यांना बोलावलं. मीही होतो, कारण भाषेची गडबड असली तर दोषी मीच असणार होतो. सरांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एकाच बाईचे. पहिल्या फेरीत ओळीने 'सोपे, सोपे, खूप सोपे'. दुसऱ्या फेरीत 'अवघड, अवघड, खूप अवघड'.

"विमलबेन, आ शुं छे? पंधरा दिवसांत माणूस जास्त अडाणी कसा होतो?"

विमलताईंनी चष्मा लावून दोन्ही कागद पाहिले.

"शिकवलं असतं तर मी समजू शकतो. मग आकडे वर जातील. हे तर खाली गेले. तीसच्या तीस. याचा एकच अर्थ होतो. तुम्ही दुसऱ्यांदा गेलाच नाहीत. घरी बसून कसेही गोल केले."

"मी गेले होते," विमलताई म्हणाल्या. "प्रत्येक घरी गेले होते."

"मग हे असं का?"

मला वाटलं, आता सांगतील, आता काहीतरी सांगतील. सरांनी वाट पाहिली, मग नोंदवहीत त्यांच्या नावापुढे लाल शाईने लिहिलं: 'बनावट, बाद.' पुढे मोठं सर्वेक्षण व्हायचं होतं, त्यात विमलताईंना घ्यायचं नाही हेही त्याच वाक्यात होतं. काम जाणार होतं त्याचं त्यांना वाईट वाटलं असेल, पण बाहेर आल्यावर त्या त्याबद्दल बोलल्या नाहीत. व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "गुरुजी, त्यांनी बनावट लिहिलं."

तो बाक मला सहन होईना. मी म्हटलं, "चला, मला त्या बाईकडे न्या. ज्यांचे कागद सरांनी दाखवले त्यांच्याकडे."

ती बाई मंगलाबाई. शिरपूरकडच्या, कोसाडलाच दोन इमारती पलीकडे. विमलताईंना दारात पाहून त्यांनी आधी चहा ठेवला, मग माझ्याकडे पाहून डोक्यावर पदर घेतला. विमलताई एका कोपऱ्यात बसल्या. आज कात्रीही काढली नाही. मीच विचारलं, "ताई, पहिल्या वेळी तुम्ही सगळं सोपं म्हणालात. नंतर सगळं अवघड. असं कसं?"

मंगलाबाई हसल्या. "भाऊ, पहिल्यांदा घर पाव्हणी उनी. तिले काय रडगानं सांगू? सोपं शे म्हटलं, चहा पाजला." मग माझ्यासाठी जरा सावरून मराठीत म्हणाल्या, "आणि मला खरंच सोपं वाटायचं. डॉक्टर गोळी देतो, मी खाते. त्यात अवघड काय?"

"मग?"

"मग प्रश्न संपले तर ही बाई उठेना. म्हणे, गोळ्यांची पिशवी आण. मी आणली. त्यात बीपीच्या दोन गोळ्या. एक सरकारी दवाखान्यातली, एक खालच्या डॉक्टरची. मी दोन्ही खायची, सकाळी. दोन डॉक्टर, दोन गोळ्या, असंच असतं ना? आणि रोज उठलं की चक्कर. मला वाटायचं अशक्तपणा. ही बाई म्हणे, चल. तसंच उठवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. एकच गोळी होती भाऊ! दोन नावांची."

कोपऱ्यातून विमलताई पहिल्यांदा बोलल्या. "मी गोळी बंद कर म्हटलं नाही. एकदाही नाही. फक्त नेलं."

"तिला कशाला विचारता?" मंगलाबाई मला म्हणाल्या. त्यांना वाटलं, मी विमलताईंना रागावायला आलोय. आणि ते अगदीच चूक नव्हतं. "दुसऱ्यांदा आली, तेच प्रश्न. औषधावरचं वाचणं सोपं का अवघड. आता मी सोपं कशी म्हणू? मरता मरता वाचले. काळी साडी, लाइट गेलेली, असं म्हटलं मी."

आम्ही आणखी तीन घरी गेलो. कुठे एवढं गंभीर काही नव्हतं. एकीला 'उपाशीपोटी' म्हणजे उपवासाच्या दिवशी असं वाटत होतं, म्हणून ती गोळी फक्त गुरुवारी घ्यायची. एकीने तपासणीचा कागद सहा महिने देव्हाऱ्यात ठेवला होता. चांगला कागद आहे, जपून ठेव, असं तिला कुणी म्हणालं होतं. प्रत्येक घरी प्रश्न संपल्यावर विमलताई उठल्या नव्हत्या. आणि प्रत्येक घरात, आपल्याला किती कळत नाही हे कळल्यामुळे, पंधरा दिवसांनी उत्तरं अवघडाकडे सरकली होती. दोघी पदवीधर मुलींचे फॉर्म जुळले, कारण त्यांच्या बायका दोन्ही वेळा पाहुणीशी सारख्याच सभ्यपणे वागल्या होत्या. मोठ्या सरांच्या भाषेत सांगायचं तर त्यांची उत्तरं विश्वासार्ह होती. खरी असण्याची अट त्या कसोटीत नव्हती.

परत येताना शेअर रिक्षात मी विचारलं, "सरांना का नाही सांगितलंत?"

"नियमावर सही केली होती ना. कोणत्या तोंडाने सांगू?"

"मग नियम मोडला का?"

त्यांनी आपल्या मोठ्या मुलीची गोष्ट सांगितली. मुलगी वर्षाची असताना ताप आला. दवाखान्यातून औषधाची बाटली मिळाली, आत पावडर. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालून हलवायचं असतं, हे कुणी बोललं नाही. विमलताई नव्याने सुरतेला आलेल्या, एकोणीस वर्षांच्या. त्यांनी चार दिवस कोरडी पावडर चमच्याने मुलीच्या तोंडात घातली. "रोज कोणीतरी विचारायचं. सासू विचारे, शेजारीण विचारे, दवाखान्यातली नर्स पण. औषध दिलं का? दिलं. वेळेवर? वेळेवर. सगळ्यांचं समाधान. पोरगी निळी पडत चालली." मुलगी वाचली, आता तिला दोन मुलं आहेत. "इचारनारा गंज भेटनात, गुरुजी. सांगनारं कोनीच नही." 'गंज' म्हणजे पुष्कळ; मराठीत सुरू केलेलं बोलणं अहिराणीत गेलं हे त्यांच्या लक्षात आलं नाही. "आता मी फॉर्म घेऊन गेले. विचारलं. तिने चुकीचं सांगितलं. आणि मी तिचा चहा पिऊन, कागद घडी घालून निघून येऊ?"

माझं 'पुरवू नये' मला त्या रिक्षात फार सुबक वाटलं. इतकं सुबक मराठी मी पुन्हा लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे मोठ्या सरांकडे गेलो. मी सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं. मध्ये फोन वाजला तो उचलला नाही, हे त्यांच्या बाबतीत नोंदवण्यासारखं. शेवटी त्यांनी हात जोडल्यासारखे टेबलावर ठेवले.

"विमलबेन, तुमची भावना उच्च आहे. पण शास्त्रात भावना चालत नाही. तुम्ही माहिती दिली, म्हणजे फॉर्म वाया गेले. ते बादच राहणार."

"बाद करा, साहेब," विमलताई म्हणाल्या.

"आणि पुढच्या सर्वेक्षणात..."

"नका घेऊ. मी पुन्हा तसंच करेन. माझा भरवसा नाही."

अशी प्रांजळ अविश्वासार्हता सरांच्या वाचनात आली नसावी. "मग आणखी काय हवं तुम्हाला?"

"बाद करा, पण बनावट म्हणून नको." त्यांनी नोंदवहीकडे बोट केलं. "मी प्रत्येक जिना चढले आहे."

सर म्हणाले, "बाद करण्याचं कारण काहीही लिहिलं तरी आकड्यांना फरक पडत नाही." विमलताई उभ्याच राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. त्या माणसाला मी दीपप्रज्वलनापासून ओळखत होतो, त्यामुळे आता एक छोटं भाषण होईल अशी माझी खात्री होती. पण त्यांनी नोंदवही ओढली, लाल शब्दावर एक सरळ रेघ मारली, आणि मला विचारलं, "मास्टर, मराठीत काय लिहू?"

मी तोंड उघडायच्या आत विमलताई म्हणाल्या, "लिहा, दुसऱ्यांदा गेली. पहिल्यांदाच सगळं सांगून आली होती."

सरांनी देवनागरीत, हळूहळू, गुजराती वळणाच्या अक्षरांत तसंच लिहिलं. विमलताईंनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं, खाली सही केली. सर पेन टोपणात घालताना, आमच्या दोघांकडेही न बघता म्हणाले, "त्या मंगलाबेनची चक्कर? थांबली?"

"थांबली, साहेब."

"सरस," सर म्हणाले, आणि फोन उचलला.

गळ्यातलं ओळखपत्र विमलताईंनी कचेरीत जमा केलं. मी म्हटलं, स्कूटरवर कोसाडपर्यंत सोडतो. तर त्या म्हणाल्या, आज कोसाड नाही, सचिन गावाला जायचंय. तिथल्या कारखान्यांच्या मागच्या चाळीत त्यांच्या तिसांतली एक बाई राहायला गेली होती. दुसऱ्या फेरीत मोठ्या मुश्किलीने सापडली होती. तिला शुगरच्या गोळीबद्दल काही विचारायचं होतं, पण तेव्हा नवरा कामावरून आला आणि बोलणं राहून गेलं. पुन्हा येते असा शब्द विमलताईंनी दिला होता.

"पण आता तुम्ही प्रकल्पात नाही," मी म्हटलं. मास्तरकी जात नाही.

त्या हसल्या. त्या हसल्या की चष्मा नाकावरून घसरायचा आणि दोरीवर लोंबायचा. "तेच तर बरं. आते फारम नही, मंग नियमबी नही."

बस आली. सचिनच्या बसला त्या वेळी पाळीवर जाणाऱ्यांची गर्दी असते, पण कुणीतरी त्यांना जागा दिली. मी खाली उभा होतो. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि बस हलायच्या आधीच शेजारच्या बाईकडे वळून काहीतरी विचारलं. काचेमुळे मला ऐकू आलं नाही. ती बाई आधी मानेने हो म्हणाली. मग थोडी थांबली, आणि नाही म्हणाली. तशा विमलताई तिच्याकडे नीट वळून बसल्या.